नकलेतून निसटलेला तक्ता

आठ दहाला रक्तपेढीच्या संगणक-खोलीतले दिवे लागले, आठ बाराला पंखा कुरकुरला आणि सव्वाआठला गुप्तहेरगिरीची हौस असलेल्या संगणक-विभागाच्या साहेबांनी आपले भिंग पुसले. "माझ्या नजरेतून माशीही सुटत नाही," ते सहायिकेला म्हणाले. माशी त्या क्षणी त्यांच्याच चहात पोहत होती. सहायिकेने कप बाजूला सरकवला.

प्रकरण गंभीर होते. अकराला मुख्य संगणक दुरुस्तीसाठी बंद होणार होता आणि त्याचे काम नकल ठेवणारा दुसरा संगणक पाहणार होता. मात्र त्या नकलेत दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांचा तक्ताच नव्हता. आणि दुपारच्या ऑपरेशनला, एका गरोदर बाईसाठी, नेमके तेच रक्त हवे होते.

"चोरी!" साहेब गरजले.

"पण मूळ तक्ता जागेवर आहे, साहेब. चोराने फक्त नकल नेली?"

"चोर विनयशील दिसतो."

मग त्यांनी कीबोर्डवर पावडर शिंपडून ठसे घेतले. सगळे त्यांचेच निघाले. "पाहिलंस? बदमाश माझेच ठसे वापरतो!"

खरे तर सगळे तक्ते सांभाळणाऱ्या डेटाबेसला स्वतःची संपूर्ण नकल करण्याची सोय अंगचीच होती. पण "संशयितालाच साक्षीदार कसा करायचा?" असे म्हणून साहेबांनी बाहेरचे एक जोड-सॉफ्टवेअर आणून बसवले होते. ते यादी करून सांगितलेले तेवढेच तक्ते उतरवून घेई.

साडेनऊला दात्यांची नोंद करणाऱ्या सिस्टर आल्या. पावडरीने शिंकत शिंकत कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या, साहेबांच्याच अक्षरातल्या, उतरवायच्या तक्त्यांच्या यादीवरून बोट फिरवू लागल्या.

"अहो साहेब, दुर्मीळ गटाचा तक्ता आपण मार्चात सुरू केला ना? यादी गेल्या वर्षीची आहे. यात तो नाहीच. मग ते बिचारं सॉफ्टवेअर उतरवणार कसं?"

साहेबांनी भिंग यादीवर धरले.

"हाच कयास मी बांधला होता," साहेब म्हणाले.

"कधी?"

"आत्ता. लिही गं, यादीत एक ओळ वाढव."

सहायिकेने पेन उचलले, आणि खाली ठेवले. ही ओळ आज आठवली. पुढच्या तक्त्याची कोणाला आठवेल? निवडक तक्ते दुसरीकडे पाठवायचे असते तर बाहेरचे सॉफ्टवेअर उत्तम होते. इथे सगळेच हवे होते. तिने ते सॉफ्टवेअर बंद केले आणि डेटाबेसची स्वतःची नकल सुरू केली. दहा चाळीसला तिने दोन्ही संगणकांवरचे दुर्मीळ गटाचे दाते मोजले: सतरा आणि सतरा. अकराला मुख्य संगणक शांतपणे बंद झाला.

दारावरची यादी उचकटून, घडी घालून तिने डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारली. त्या खुर्चीत स्थिर बसून साहेब फरार चोराचे वर्णन लिहू लागले.