हाताचे तास

रामाकोन्यात नवा ड्रायव्हर, न्हावी किंवा डॉक्टर आला की देवरावकाका त्याला पहिला प्रश्न टाकतात, "किती तास झाले?" आणि लगेच दुसरा, "हाताचे किती?"

काका उभा जन्म विमान चालवून गावी परतले. त्यांचा संत्र्याचा बगीचा माझ्या बगीच्याला लागून आहे. सौंसरला जायला ऑटोरिक्षात बसण्याआधी ते ड्रायव्हरची अशी मुलाखत घेतात. एकदा एक जण म्हणाला, "तास नाई मोजले काका, पण दोन डाव पलटी झालो." काका खूश. "मंग शिकला असन," म्हणाले आणि बसले. मी मागून आलेल्या बसने गेलो.

विहिरीवरच्या मोटरीला त्यांनी कधी ऑटो स्विच लावू दिला नाही. गावातल्या बाकी मोटरी लाइन, म्हणजे वीज, आली की आपोआप सुरू होतात. काका मात्र खुर्ची टाकून लाइनची वाट पाहायचे आणि स्वतः बटन दाबायचे. मी हसलो की ऐकवायचे, "हात भुलून जाते, मास्तर."

त्यामागचं दुखणं त्यांनी एकदाच सांगितलं. "पहिले मोठा कॅप्टन बाजूले बसून म्हणे, हातानं उतरवून दाखव. मंग हुकूम आला, चाकं वर गेले का मशीनले, ऑटोपायलटले, देऊन द्या. वहीत तास माझे, अन् चालवून राहिली मशीन. नवे पोरं घेतानाही तासच पाहाले लागले, हाताचे किती ते कोणी पुसे ना. शेवटच्या परीक्षेत मशीन बंद केली, तर माझ्याच हातानं विमान सरळ उतरे ना."

गेल्या साली त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणंही अडखळलं. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. महिनाभराने पाहतो तर विहिरीवरची खुर्ची गायब आणि मोटरीला ऑटो स्विच. काकांना टोमणा मारायची अशी संधी मी सोडणार नव्हतो. शिवाय त्यांच्या मुलीचा निरोपही होता, नागपूरहून शिकलेली नर्स पाठवते म्हणून.

आत गेलो तर काका काकूंची वेणी घालत होते. जीभ दातांत धरून.

"काका, मोटर ऑटोवर?"

"मोटरीचं चालते ऑटोवर," ते म्हणाले.

मी नर्सचं सांगितलं. ते पेड वळत म्हणाले, "बाई चांगलीच असन. पण मंग तास तिच्या वहीत जातीन."

"म्हणजे?"

"लग्नाले चाळीस वर्षं झाले, मास्तर. हाताचे तास काढून पाह्यले, वर्षभराचेही भरत नाई. पोरगी, माय-बाप, बगीचा, सारं हे एकटी चालवत होती. मी सुट्टीत येऊन पाहत बसलो. आता भराले बसलो, तर दिवस थोडे."

मी त्यांच्या हातात रिबन दिली.

त्यांनी ती वेणीला बांधली. जराशी वाकडी, पण वाईट नव्हती. काकूंनी डाव्या हाताने ती पुढे ओढली, चाचपली, आणि सावकाश सगळी सोडून टाकली.

"पुन्ना," त्या म्हणाल्या.

"बरं," म्हणत काकांनी कंगवा उचलला. तेवढ्यात लाइन आली आणि विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली. काकांनी मानही वळवली नाही.