तिखटाशी जमणारी

नशिराबादच्या घराच्या गच्चीवर कुंदाबाई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या, तेव्हा त्यांना सून सापडली. दिसली नाही, नुसती ऐकू आली.

गच्चीवरच्या खोलीत मयुरी भाड्यानं राहायची. भडगावची पोर, नाशिकच्या कुठल्याशा द्राक्षाच्या कंपनीचं जळगावकडचं काम बघायची. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाशिकचीच आहे, सर. गोरी, नाजूक. गोड आहे, पण मिळमिळीत नाही. जवळ आली की गुलाबाचा वास दरवळतो."

'अत्तर लावत असंल,' कुंदाबाईंनी ताडलं. त्यांचा मुलगा हितेंद्र चौतिशीचा झाला होता. केळीची बाग घडांनी वाकलेली, पण 'शेतकरी नको' म्हणून अकरा मुलींनी नकार दिला होता. अत्तराला नाक मुरडायची सोयच नव्हती.

"तिखटाशी फार छान जमतं तिचं. शेवभाजी, भरीत, काहीही. मटणाशी नाही जमत."

म्हणजे खाण्यात आपल्यासारखीच! बिबडा हातातच राहिला.

"फक्त थंड ठेवायला लागते. तापली की बिघडते."

जरा तापट. चालेल. नवऱ्याला, उखर्डूआबांना, छत्तीस वर्षं थंड ठेवलंच होतं की.

"उद्या सहाला जळगावच्या हॉटेलात दाखवतेय. दहा-बारा जण येतायत."

दहा-बारा स्थळं! मयुरीला विचारावं तर ती तेरावा नंबर देणार. त्यापेक्षा साडेपाचलाच जाऊन बसलेलं बरं. कुंदाबाई धडाधड जिना उतरल्या.

"अवं, पण पोरीचं नाव काय?" आबांनी विचारलं.

"नाव काय करता? लगनात बदलताच येते!"

एरवी मुलगी बघायला न्यायचं तर हितेंद्रला बागेतून ओढून आणावं लागे. पण 'मयुरी दाखवून राह्यली' हे ऐकून तो आधी खोकला, मग गुपचूप शर्टाला इस्त्री करायला बसला.

हॉटेलच्या हॉलमध्ये पांढऱ्या टेबलावर पेल्यांची रांग होती आणि मागे निळ्या साडीत मयुरी.

"काकू? तुम्ही?"

"पोरगी कुठी हाय, माय?"

"कोणती पोरगी?"

"तीच. नाशिकची, गोरी, गुलाबाच्या वासाची. जराशी तापट."

मयुरीचे डोळे हळूहळू मोठे झाले. बर्फाच्या बादलीतून तिनं एक बाटली वर काढली. "काकू... ही."

"हिचं वय काय?" आबांना दुसरं काही सुचलंच नाही.

"दोन वर्षं. व्हाइट वाईन आहे, आबा. ही जरा गोड आहे, म्हणून तिखटाबरोबर देतात. जीभ भाजली की फुंकर घातल्यासारखं वाटतं."

कुंदाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "बारावी बी गेली," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मयुरी बाटली घेऊनच त्यांच्याकडे वळली. हितेंद्रनं तिच्या हातातून बाटली घेतली, बाटलीच्या मानेला रुमाल गुंडाळला, पेला तिरका धरून बरोब्बर दोन बोटं ओतली आणि शेजारी शेवभाजीची वाटी ठेवली. "आबा, पहिले वास घ्या. वाटलं तर मंग भाजी, मंग घोट."

आबांनी पेल्यात नाक घातलं. "अवं, पिकल्या केळाचा वास येते की हिले!"

कुंदाबाईंचं लक्ष पोराकडे होतं. चहाची बशी धड न धरणारा हा गडी, एक थेंब सांडला नव्हता.

"हितू, हे तुले कोनं शिकवलं?"

हितेंद्रचे कान लाल झाले. मयुरीची मान खाली गेली.

"किती दिवस?"

"दीड वरीस," हितेंद्र पुटपुटला. "मले वाटलं, हिनं तुले सांगून टाकलं."

"मंग बोलली काब्रं नाही वं?"

"काकू, मी वाईन विकते," मयुरी कशीबशी म्हणाली. "आणि तुमच्या गळ्यात तुळशीची माळ."

"माळ माह्या गळ्यात हाय. लगन त्याचं हाय."

कुंदाबाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि शेवभाजीची वाटी तिच्यापुढे सरकवली. "बस. खाय अगोदर. सकाळपासून उभी दिसून राह्यली."