पितळी मासा, शोभेचा

"ज्या कोणी हे दार उघडलं असेल, त्याने एका सज्जन माणसाच्या संसारात पाय घातला आहे!"

रविवारी सकाळी दहा वाजता जंत्रीने ही घोषणा केली, तेव्हा खोलीत आरोपी म्हणावं असं कुणीच नव्हतं. टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर होता, त्याच्यावर अकरा वर्षांची धूळ होती आणि समोर स्टुलावर स्वतः जंत्री होता. (हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचा आणि घरी आल्यावरही हात थांबत नसत. फ्रिजच्या दारावर फ्रिजमधल्या वस्तूंची यादी असे, आणि कोथिंबीर संपली की ती बायकोच्या आधी त्याला कळे.)

सुरुवात अगदी निरागस होती. बायको म्हणाली, माळा आवरू या. माळ्यावर, लग्नानंतर बायकोच्या माहेरून आलेल्या सामानात, कॉम्प्युटर सापडला, आणि कॉम्प्युटरमध्ये कॉलेजच्या दिवसांतला तो खेळ. ओसाड बेटावरचं एक दीपगृह. ना शत्रू, ना बंदुका. नुसत्या खोल्या, तरफा, चक्रं आणि डोकं पिकवणारी कोडी. जंत्रीने एकूण एक कोडी सोडवली होती. राहिलं होतं फक्त शेवटचं तांब्याचं दार. त्यावर खुणांची सात चक्रं होती. त्या चक्रांच्या अकराशे सेहेचाळीस जुळण्या त्याने करून पाहिल्या, दोनशे पानांची वही भरत आणली, दारावरच्या प्रत्येक वस्तूची क्रमवार नोंद केली. दार ढिम्म.

मग लग्न ठरलं. तिला अभ्यासाला हवा म्हणून कॉम्प्युटर तिच्या माहेरी गेला. देताना जंत्रीने तिचा हात हातात घेतला होता. "हे दार मात्र आपण दोघं मिळून उघडायचं. वचन दे."

तिने दिलं. (लोक प्रेयसीला चंद्र-तारे देऊ करतात, याने न सुटलेलं कोडं दिलं. आणि तरीही तिने लग्न केलं! जगात प्रेम उरलेलं नाही म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.)

आणि आज खेळ सुरू केला, तर दार सताड उघडं. आत दिवा तेवतोय. टेबलाचा एक कोपरा दिसतोय आणि त्यावर कप. दोन.

दोन!

नव्या खोलीत पाऊल पडलं की खेळ आपणहून तारीख-वेळ नोंदवून ठेवायचा. नोंद होती लग्न ठरल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातली. बुधवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

जंत्री तिरमिरीत उठला आणि धाडकन आतल्या खोलीत घुसला. (तो नेहमी घुसतच असे. उलट, आठवड्यासाठी राहायला आलेल्या सासूबाई उघड्या दारावरही दोनदा टकटक करून "येऊ का?" म्हणत. वेळेची केवढी ही नासाडी, असं जंत्रीला वाटे.)

"अरे, मी कपडे बदलतेय!" बायको ओरडली.

"बुधवारी दुपारी चारला तुमच्या घरी कोण होतं?"

"कुठल्या बुधवारी?"

"अकरा वर्षांपूर्वीच्या."

बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. हे बघ, तुझ्या त्या खेळाला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. बुधवारी आम्ही दाढा कोरायचो. मेणाच्या. मी आणि तो."

"तो कोण?"

"आपला डॉक्टर रे, दातांचा! रोज यायचा अभ्यासाला."

बायको कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम करी आणि हा दंतवैद्य तिच्याकडे काम पाठवी. उंच, डोक्यावर स्वतःचे केस, काम करताना शीळ घालणारा. जंत्रीला तो कधीच आवडला नव्हता. पण आता निराळीच आग लागली. त्या माणसाने बायकोकडे चोरून पाहिलं असतं, तर जंत्रीने एखादे वेळी मोठ्या मनाने माफ केलं असतं. पण दार? दोन वर्षं आपण ज्याच्यापुढे डोकं फोडलं, ते याने शीळ घालत उघडलं? आणि आत बसून दोघांनी चहा घेतला?

सोमवारी दुपारी अर्धी रजा टाकून जंत्री दवाखान्यात हजर झाला. दुखणं खरं वाटावं म्हणून यादी करून नेली होती. सकाळी सात ते सव्वासात ठणका, दुपारी कळा, गार पाण्याने झिणझिण्या. डॉक्टरने ती आदराने वाचली.

"इतकं व्यवस्थित कुणी सांगत नाही हो! आ करा."

"एक विचारू? तुम्हाला कोडी सुटतात?"

"कोडी? आम्ही दोघं असलो ना, की काहीही सुटायचं! काय दिवस होते ते! त्यांच्या आई चहा आणून द्यायच्या..."

"चहा? दोन कप?" जंत्री खुर्चीत ताडकन उठून बसला.

"आ करा. अरे बापरे! बरं झालं आलात. अक्कलदाढ पार किडलीय. काढावीच लागेल."

दुखत नाही म्हणावं, तर यादी सही करून दिलेली.

संध्याकाळी जंत्री घरी आला तो अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस आणि शर्टाच्या खिशात दाढ. बोलता येत नव्हतं. त्याने कॉम्प्युटर लावला, ते उघडं दार समोर आणलं, ती जुनी वही काढली, कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तू की तो? खरं सांग, मी सहन करीन," आणि बायकोपुढे धरलं.

बायको आधी हसली. मग त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आहे हे पाहून थांबली.

"वेड्या, मी वचन दिलं होतं ना तुला? अकरा वर्षं वाट बघतेय, तू कधी म्हणशील, चल, उघडू या. तूच विसरलास."

जंत्रीने वहीत डोकं घातलं. समोर त्याच्याच सुबक अक्षरातली दाराची नोंद होती. क्रमांक एकतीस: मासा, पितळी, कडीला टांगलेला. शोभेचा.

तेवढ्यात उघड्या दारावर दोनदा टकटक झाली.

"येऊ का?" सासूबाई आत आल्या आणि पडद्याकडे बघून थबकल्या. "अगंबाई, हे घर अजून आहे का? तू आणि तो डॉक्टर दाढा कोरत बसायचात, तेव्हा धूळ पुसताना काहीतरी दाबलं गेलं आणि हे दिसलं होतं मला. आतले आजोबा बरे आहेत ना? किती अगत्याने चहा ठेवला होता त्यांनी माझ्यासाठी!"

जंत्रीने वहीत लिहिलं, "दार कसं उघडलंत?"

सासूबाईंनी चष्मा सावरून ते वाचलं.

"मी कशाला उघडू? लोकांचं घर ते. तो मासा होता ना टांगलेला, त्याने मी दार वाजवलं, मग त्यांनीच उघडलं. तुम्ही वाजवलं नव्हतंत का, जावईबापू?"