धूर दिसला की नापास

घाटंजीच्या बाजारात गुल्हाने डॉक्टरांनी कोणाला गाठलं की समजायचं, परीक्षा आहे! मागे एकदा एक काका वांगे निवडून राह्यले होते. डॉक्टरांनी स्कूटर रस्त्याच्या मधातच थांबवली अन् ओरडले, "काढा पंप!"

काकांनी मुकाट्यानं खिशातून दम्याचा पंप काढला.

"आधी हवा सोडा. आता दाबा, हळू ओढा... धरून ठेवा! दहा मोजतो."

भाजीवालीचा तराजूही थांबला. तीनावरच काकांच्या तोंडातून पांढरा धूर निघाला.

"नापास! औषध छातीत नाई, वांग्यावर पडून राह्यलं!"

मी खूप हसली. मग डॉक्टर आमच्याच घरी आले.

माझे बाबा कापसाच्या जिनिंगवर कामाला. दम्यानं बेजार. कित्येक वर्षं एक बारीक पांढरी गोळी खायची अन् कामावर जायचं, एवढंच त्यांना माहीत. त्या गोळीनं चेहरा सुजला, हाडं दुखायला लागली, तरी गोळी सुटेना. यंदा तर घराच्या तीन पायऱ्या चढले की मधातच बसायचे. मले लय भेव वाटे. डॉक्टरांनी पंप लिहून दिला, तर बाबांनी तो देवाजवळ ठेवून दिला!

"पंप म्हंजे शेवटचा इलाज. मले एवढ्यात नाई मरायचं."

"अहो शेषराव, गोयीच्याच जातीचं औषध हाय. पण चिमूटभर, अन् थेट छातीत!"

मग डॉक्टर रोज संध्याकाळी आमच्या अंगणात हजर. बाबा सात दिवस नापास. आठव्या दिवशी पास झाले तर डॉक्टर टाळ्या पिटत उभेच राह्यले! मग गोळीही त्यांनी हळूहळू कमी करत बंद केली.

अन् सांगू? आता बाबा माझी सायकल उचलून खाली उतरवतात. वरून मलेच म्हणतात, "चाल न वं, काहून रेंगाळून राह्यली?"

काल चहा पिताना मी विचारलं, "डॉक्टर साहेब, सगळ्यांच्याच घरी असे जाता काय जी?"

"नाई. ज्यायले मी त्या पांढऱ्या गोया लिहून देल्त्या, त्यायच्याच घरी."

मी बाबांकडे पाह्यलं. त्यांना माहीत होतं.

"तवा मले तेवढंच येत होतं, शेषराव," डॉक्टर खाली पाहत म्हणाले.

"तवा तुमच्याशिवाय कोणता डॉक्टर आमच्या वस्तीत पाय ठेवत होता जी?"

 चहा केव्हाच संपला होता, तरी डॉक्टर बशी तोंडाला लावूनच बसून राह्यले. आई उठली अन् त्यांच्या नावाची भाकर थापायला बसली.