आधी दात दाखव

निवृत्त सिस्टर सुमनताई कुणाला नमस्कार करत नसत. समोर येईल त्याला म्हणत, "आधी दात दाखव." दूधवाला, पोस्टमन, मतं मागायला आलेला नगरसेवक, पंचवटीतल्या त्या दारात सगळ्यांनी आ केलेला आहे. अंगात शिसं साठलं की हिरडीच्या कडेला निळसर रेघ उठते. ती ताईंना उंबऱ्यावरून दिसे.

नव्वदच्या दशकाअखेरी मी सिन्नरच्या दगूभाऊंना तिथे नेलं. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवणाऱ्या भट्टीवर त्यांची बारा वर्षं गेली होती. मनगटं लुळी, कप धरवत नव्हता. मी तेव्हा कामगार संघटनेत होतो; माझं पत्रक पुढे केलं: 'विषारी भट्टी बंद करा!' ताईंनी चष्मा लावून वाचलं.

"उद्गारचिन्हं सोळा. आंघोळ हा शब्द एकदाही नाही."

"ताई, हा शोषणाचा प्रश्न आहे!"

"हो ना. आणि ते शोषण ह्याच्या शर्टावर बसून रोज घरी जातंय."

दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. "हे औषध शिशाची मानगूट धरतं नि लघवीवाटे बाहेर काढतं," ताई सांगत. किती निघालं ते तपासायला दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवायची. तो कॅन ताई स्वतः मांडीवर घेऊन रिक्षाने लॅबमध्ये नेत.

"काकू, तूप का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"शिसं. दात दाखव."

पहिला कोर्स संपला आणि दगूभाऊ पुन्हा भट्टीवर! ताईंनी त्यांना दारातच अडवलं. "भट्टी सोड, मग पुढचं औषध. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. एकीकडून काढायचं, दुसरीकडून भरायचं, हे चालणार नाही."

"दुसरं काम नाय वो ताई."

मी भडकलो. "आजारी माणसाला अटी घालता?"

ताई माझ्याशी बोलल्या, पण बघत होत्या दगूभाऊंच्या शर्टाकडे. "आमचे हेसुद्धा भट्टीवरच होते. त्यांचे कपडे मी घरातच झटकायचे. पोर तिथेच पायाशी खेळायची. नर्स होते रे मी. नर्स!"

ताईंच्या मागे भिंतीवर दोन फोटो होते. दोन्हींना हार होते.

पुढचे तीन दिवस ताईंनी कांदा मार्केट पालथं घातलं, व्यापाऱ्यांचे दात बघत. दगूभाऊ कांदे साठवायच्या एका चाळीवर राखणीला लागले. माझ्या पुढच्या पत्रकाची पहिली ओळ होती: 'कामाचे कपडे घरी नेऊ नका.' उद्गारचिन्ह नव्हतं.

काही महिन्यांनी दगूभाऊ लेकीला घेऊन आले. मनगटं उचलून त्यांनी हात जोडले. ताईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"दात दाखव."

पोरीच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाच होता. ती खुदकन हसली. हिरड्या गुलाबी होत्या.

"परत हस," ताई म्हणाल्या.

ती हसली.

"परत."