झेलणीचा दावा

"पेटंट काढणं म्हंजी आपल्या डाव्या हाताचा खेळ हाय!" असं अजिनाथने घाटनांदूरच्या स्टँडवरच्या हॉटेलात, चहा फुंकत, चारचौघांत जाहीर करून टाकलं. "आदी मुंबईला खेटे घालावे लागायचे. आता सगळं ऑनलाइन! बाजंवर पडून पेटंट!"

पेटंट हवं होतं झेलणीचं. झेलणी म्हणजे लांब बांबू, टोकाला सायकलच्या ब्रेकवर चालणारी कात्री आणि कात्रीखाली कौशल्याबाईंच्या जुन्या पातळाची झोळी. खाली मुठीशी ब्रेक दाबला की वर देठ कचकन तुटायचा आणि पिकायला आलेलं सीताफळ, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं, अलगद झोळीत उतरायचं. परळीच्या एका दुकानदाराने झेलणीचे फोटो काढून नेल्यापासून अजिनाथचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. उद्या त्याने स्वतःच्या नावावर विकायला काढली तर?

खरं सांगायचं तर ही झेलणी जन्मली भांडणातून. बांधावर एक सीताफळाचं झाड होतं. बुंधा अजिनाथकडे, आणि फळांनी लगडलेल्या फांद्या थोरला भाऊ शहादेव याच्या रानावर! तुझं की माझं करता करता अंबाजोगाईच्या कोर्टात दावा पडला आणि सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. भावाच्या रानात पाऊल टाकायचं नाही आणि फळही सोडायचं नाही, म्हणून अजिनाथने झेलणी बनवली. बायको, कौशल्याबाई, म्हणायच्या, "एवढं डोकं भावाशी बोलायला लावलं असतं तर कवाच मिटलं असतं."

पेटंटचा अर्ज मुलीने, सुकन्याने, भरला. इंग्रजी बापाच्या डोक्यावरून गेलं असतं म्हणून हिंदीत भरला. "उत्तर आलं की मला फोन करा, अप्पा. सोताचं डोकं चालवू नका," असं बजावून ती लातूरला कॉलेजात गेली.

उत्तर आलं. अजिनाथने चष्मा चढवून मोबाईलवर मोठ्याने वाचलं, "आवेदक के दावे स्वीकार्य नहीं हैं. दावे कम किए जाएँ."

मोबाईल घेऊन तो स्वयंपाकघरात कौशल्याबाईंकडे धावला.

"अगं, ह्यांना दाव्याचं कळलं की!"

"कुणाला?"

"पेटंटवाल्यांना! आधारला बँक जोडली, बँकेला सातबारा जोडला. सातबाऱ्याला कोर्ट जोडलं असणार! दावे कमी करा म्हणायलेत. भांडखोर माणसाला पेटंट देत न्हाईत, दिसतंय!"

"लई शहाणं हाय मग सरकार," कौशल्याबाई म्हणाल्या. "तरी सुकन्याला इचारा एकदा."

"तिला कावून इचारू? मला हिंदी येत न्हाई का? दावा म्हंजी दावा!"

दुसऱ्याच दिवशी स्वारी अंबाजोगाईला वकिलासमोर हजर!

"अहो, आपण जिंकायला आलोय!" वकील हबकले.

"जिंकू नका, साहेब! हात जोडतो! मागं घ्या!"

दावा मागे घेतल्याचा कागद घेऊन अजिनाथ थेट शहादेवच्या दारात गेला. शहादेवने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग त्या धिप्पाड माणसाने धाकट्या भावाला अशी मिठी मारली की अजिनाथचा चष्मा वाकडा झाला.

"अज्या, मी थोरला असून मला सुचलं न्हाई बघ," शहादेवचे डोळे वाहत होते.

अजिनाथला आतून खजील वाटलं. पण कामाचा माणूस! त्याने पुतण्याच्या हातात मोबाईल दिला.

"एक फोटू काढ रे आमचा."

"फोटू कावून?" शहादेवने विचारलं.

"असंच, दादा. आठवण!"

त्याच रात्री ती आठवण पेटंट ऑफिसच्या साइटवर चढली. सोबत अजिनाथची स्वतःची हिंदी: "सब दावे वापस लिया है. अब एक भी दावा नहीं. भाई से प्रेम है. पुरावा जोडा है."

मग व्हिडिओवर सुनावणी ठरली. मोबाईल ज्वारीच्या पोत्याला टेकवून ठेवला. शेजारी इस्त्रीची टोपी घालून शहादेव बसला. आता भावाचं पेटंट म्हणजे त्याचंच पेटंट! लातूरहून सुकन्याही जोडली गेली.

साहेब गोंधळलेले दिसले. "अजिनाथ जी, आपने तो सारे दावे वापस ले लिए?"

"हां साब! सब के सब!"

"तो पेटंट किस बात का दें? और ये फोटो में आपसे लिपटकर कौन रो रहे हैं?"

"बडा भाई है, साब. ये क्या, इधर ही बैठा है!"

शहादेवने अदबीने नमस्कार केला. तिकडे सुकन्याने कपाळावर हात मारला.

"अप्पा! दावा म्हंजी कोर्टातला न्हाई हो! आपल्या यंत्रात नवीन काय हाय, ते मांडायचं, त्याला पेटंटमधी दावा म्हणतेत! तुमीच लिव्हायला लावलंत ना, 'जगातली समदी फळं तोडणारं यंत्र'? तेवढं कमी करा म्हणत होते!"

शहादेव हळूच वळला.

"म्हंजी माझ्यासाठी न्हाई? ह्या बांबूसाठी दावा मागं घेतलास?"

पेटंट तर गेलंच, आता भाऊही चालला! अजिनाथने भावाचा हात धरला.

"दादा, खोटं कशाला बोलू? दावा मागं घेतला झेलणीसाठीच. पण तवापासून जेवण गोड लागायलंय, ते तुझ्यामुळं."

साहेबांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांचा आवाज मऊ झाला. "देखिए, प्रेम अच्छी बात है. पर एक दावा तो डालना पड़ेगा. समय देता हूँ." आणि मोबाईलवरून ते गेले. सुकन्या तेवढी पडद्यावर राहिली.

शहादेव उठला. टोपी सारखी केली. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"दावा टाकायचाच हाय न्हवं?"

"व्हय, दादा. सीताफळापुरता."

"मग माझाबी टाक! फांद्या माझ्या रानावर आल्या नसत्या, तर तुला झेलणी सुचली असती का बे?"

मग दोघेही असे हसत सुटले की मोबाईल पोत्यावरून खाली घसरला.

"लिव्ह गं सुकन्या, शहादेवदादाबी लिव्ह!" अजिनाथ जमिनीवरच्या मोबाईलकडे बघून ओरडला.

तेवढ्यात थोरल्या दिरासमोर जन्मात कधी मोठ्याने न बोललेल्या कौशल्याबाईंचा आवाज स्वयंपाकघरातून खणखणीत आला.

"अन् झोळीचं पातळ कुणाचं हाय? माझाबी दावा लिव्हा!"