कड्यावरचे खरवंडीकर सर

त्या कॉमिक संमेलनात ज्याला कड्यावर चढवलं, त्याला त्याच्या घरच्याच माणसाने उडत येऊन वाचवल्याशिवाय खाली उतरवत नसत. नियम जुना होता आणि सोयीचाही. पूर्वी कुणीही कुणालाही वाचवत असे. त्यातून एकाच आजोबांना दोघांनी दोन बाजूंनी ओढण्याचे प्रकार घडले, तक्रारी झाल्या, आणि तेव्हापासून घरचं माणूस घरच्यांनीच वाचवावं असं ठरलं. उडण्याची काही अडचण नव्हती. पाठीवरच्या केपची शिवण दुहेरी असली की मंडपात माणूस उडत असे. एकेरी असली तर गुडघ्याएवढाच उडे, आणि ते धरत नसत.

खरवंडीकर सर संमेलनाला पहिल्यांदाच आले होते. खरं तर त्यांच्या पत्नी कुमुदताई यायच्या होत्या. त्यांनी ओरडण्याचा सरावही केला होता, पण आदल्या आठवड्यात गुडघा धरला आणि घरात दुसरं कुणी उरलं नाही. सरांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं आणि मुलांच्या बाकाखालून कॉमिक्स जप्त केली होती. जप्तीचे गठ्ठे ते घरी आणून माळ्यावर टाकत. त्या माळ्यावर त्यांची मुलगी सुमेधा वाचायला शिकली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सुमेधा आता दाताच्या दवाखान्यात कामाला होती. दिवाळीपासून ती रोज दवाखान्यातून आल्यावर मशीनवर बसून धुकेश्वरीचा पोशाख शिवत होती. धुकेश्वरी ही उडणारी नायिका तिनेच काढलेली, तिच्या वहीतली. संमेलनात बाबांना नीट वाचवलं की धुकेश्वरीची कायमची नोंद होणार होती. वाचवून घेणाऱ्याने नकार दिला, तर केप जमा आणि सुमेधा गर्दीत.

"ही झूल घालून तू चारचौघांत हिंडणार?" सर म्हणाले.

"केप, बाबा. आणि हिंडणार नाही, उडणार आहे. तुम्ही फक्त 'वाचवा' म्हणून ओरडा. मनापासून."

"येतो. पण ओळखीचं कुणी दिसलं, तर आपलं जमायचं नाही. आधीच सांगून ठेवतो."

दारातच चौबळबाईंनी सुमेधाची केप उलटी करून शिवण तपासली. या निरीक्षक होत्या, आणि त्यांच्या गळ्यात टेप होता. "टीप छान आहे," त्या म्हणाल्या. "काजं हाताने केलीत?" सुमेधाचा चेहरा उजळला. सरांच्या छातीवर मात्र त्यांनी 'संकटग्रस्त' असं लाल अक्षरांत लिहिलेला बिल्ला लावला. सरांनी तो मफलरखाली झाकला. उकाडा मरणाचा होता, तरी मफलर त्यांनी काढला नाही.

कडा म्हणजे प्लायवूडची उंच इमारत होती. वर अरुंद गच्ची, गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. संकटग्रस्त मंडळी तिथे आपापली पाळी येईपर्यंत बसत, पाणी पीत, एकमेकांच्या मधुमेहाची चौकशी करत. सरांच्या आधी जळगावच्या एक मावशी होत्या. पाळी आल्यावर त्यांनी पदर खोचला आणि "वाचवा गं बाई, मेले मेले!" असा टाहो फोडला. त्यांचा जावई निळ्या कपड्यांत उडत आला आणि सासूला कडेवर घेऊन खाली गेला. टाळ्या झाल्या. सरांनी मान फिरवली. एवढ्या वयाच्या बाईला शोभतं का हे, असं त्यांना वाटलं, आणि पुढची पाळी आपली आहे हे आठवून त्यांनी बिल्ला मफलरखाली आणखी आत सारला.

"खरवंडीकर," खालून चौबळबाईंनी ध्वनिक्षेपकावर पुकारलं. "संकटात या."

सर कडेला येऊन उभे राहिले. खाली गर्दी होती, आणि गर्दीच्या पहिल्याच रांगेत दाबके उभा होता. एकाच शाळेत दोघांनी जन्म काढला होता. मुख्याध्यापकाची खुर्ची सरांची म्हणून सगळे समजत होते, ती शेवटी दाबकेला मिळाली, आणि तेव्हापासून दाबकेसमोर सरांनी कधी शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडं ठेवलं नव्हतं. दाबके मान वर करून, डोळे बारीक करून पाहत होता.

"वाचवा," सर तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"ऐकू आलं नाही," चौबळबाई म्हणाल्या.

"कृपया मदत व्हावी."

चौबळबाईंनी थोडा विचार केला आणि हिरवा झेंडा दाखवला. सुमेधा उडाली. राखाडी केप पसरून, दोन्ही हात पुढे करून ती सरळ वर आली आणि सरांच्या समोर हवेत थांबली. कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. इतकी आनंदात सरांनी तिला फार वर्षांत पाहिली नव्हती.

"चला बाबा," ती हळूच म्हणाली. "गळ्यात हात टाका."

आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "नको नको. राहू दे."

ते कुणाच्याही घरी असंच म्हणत. चहा पुढे केला की नको, दुसरी पोळी वाढायला घेतली की नको. समोरच्याने दोनदा आग्रह केला की मग ताट पुढे. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस त्यांनी त्यांच्या घराण्यात पाहिला नव्हता.

"नकार आहे का?" चौबळबाईंनी विचारलं.

"नकार असं नाही हो. उगीच कशाला त्रास, एवढंच."

"आमच्याकडे आग्रह करत नाहीत. हो की नाही, ते सांगा."

तेवढ्यात खालून दाबकेचा आवाज आला. "कोण, खरवंडीकर का? अहो, ही उडणारी तुमची मुलगी की काय?"

सगळी गर्दी सरांकडे बघू लागली. सरांनी मफलर घट्ट केला.

"छे छे," ते म्हणाले. "इथल्याच कुणी आहेत. माझी ओळख नाही."

सुमेधा हातभर अंतरावर होती. तिचे हात अजून पुढेच होते. ते तिने सावकाश खाली घेतले, एकदा सरांकडे पाहिलं, आणि खाली उतरू लागली. तिला उडायला जितका वेळ लागला होता, त्याहून उतरायला जास्त लागला. सरांना तिला परत बोलवावंसं वाटलं, पण दाबके बघत होता.

चौबळबाईंनी निर्णय वाचून दाखवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वाचवणारी अनोळखी असल्याचं संकटग्रस्ताने स्वतः सांगितलं, सबब प्रयत्न रद्द. केप जमा करावी. घरचं कुणी येईपर्यंत खरवंडीकर यांनी कड्यावरच थांबावं. सुमेधाने बटणं सोडली, केप नीट चौघडी घालून टेबलावर ठेवली, आणि 'गर्दी' असा बिल्ला लावून घेतला.

मग चौबळबाईंनी पुढचं नाव पुकारलं. "दाबके. संकटात या."

सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण उशिरा आल्यामुळे खालीच थांबलेला दाबकेच जिन्यावरून धापा टाकत वर आला. छातीवर नुकताच लावलेला लाल बिल्ला, तोही अगदी मधोमध. "तुम्ही पण का?" असं म्हणून त्याने सरांच्या पाठीवर थाप मारली आणि कडेला जाऊन असा काही ओरडला, की खालच्या पॉपकॉर्नवाल्याने हातातलं काम थांबवलं. "वाचवा रे! मेलो! कुणी आहे का!" भगव्या पोशाखात एक मुलगी उडत आली. दाबकेने लगेच तिच्या गळ्यात हात टाकले. "आमची सून!" तो खाली जाता जाता सगळ्यांना सांगत होता. "पोशाख तिनेच शिवलाय, बरं का! रात्र रात्र जागून!"

सर खुर्चीवर बसले. ज्याच्यासाठी लाजलो, त्याला लाज कशी ती नव्हतीच. इतकी वर्षं वरचं बटण लावून ठेवलं ते कुणासाठी, हे त्यांना समजेना. त्यांना दाबकेची लाज वाटली नाही, सुमेधाचीही नाही. स्वतःची वाटली, आणि ती अशी वाटली की मफलर तोंडावरून ओढून घ्यावा.

गर्दीचं कामही ठरलेलं असे. आळीपाळीने एकेकाने पुढे यायचं, वर बोट करायचं आणि वर काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं. बाकीच्यांनी "अरे बापरे" म्हणायचं. सुमेधाची पाळी आली. तिने वर बोट केलं. सरांना वाटलं, आता ती म्हणेल, कुणीतरी म्हातारा आहे, माझी ओळख नाही. म्हणाली असती, तर तिचं काही चुकलं नसतं.

"ते माझे बाबा आहेत," सुमेधा म्हणाली.

"अरे बापरे," गर्दी म्हणाली.

सर उठले. मफलर गळून पडला, तो त्यांनी उचलला नाही. "सुमे!" ते ओरडले. गणिताच्या तासाला शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तोच आवाज होता. "सुमे, मला वाचव गं! ही माझी मुलगी आहे! ऐका सगळे, माझी मुलगी आहे ती!"

चौबळबाईंनी चष्मा काढून पुसला. "उत्तम ओरडलात," त्या म्हणाल्या. "या वर्षी इतकं मनापासून कुणी ओरडलं नव्हतं. पण केप जमा झाली आहे. आता पुढच्या संमेलनात."

संमेलन संपलं. तंबू, दुकानं, दिवे सगळं निघालं, कडा तेवढा नियमाप्रमाणे राहिला. त्या मंडपात पुढे फर्निचरचं प्रदर्शन भरलं, मग आंबा महोत्सव, मग वधूवर मेळावा. मंडळी सरांना नमस्कार करत आणि आपल्या कामाला लागत. दाबके एकदा येऊन वर्तमानपत्र देऊन गेला.

सुमेधा रोज दवाखान्यातून थेट तिथे येई. दोरीला डबा बांधे, सर ओढून घेत. पहिले काही दिवस ती एक शब्द बोलली नाही. सरांना वरून तिचा भांग तेवढा दिसे. ते जेवत आणि घास गिळताना त्यांना खाली बघवत नसे. मग एके संध्याकाळी ती पिशवीतून राखाडी कापड घेऊन आली, खाली बसली आणि काजं करू लागली.

"दुहेरी टीप घालतेस ना?" सरांनी वरून विचारलं.

"तिहेरी," सुमेधा म्हणाली. "तुमचं वजन वाढलंय."

सर हसले नाहीत. त्यांनी डबा पुसून खाली सोडला.

तिने पिशवीतला दुसरा डबा उघडून पाहिला. "बाबा, अजून एक पोळी आहे. पाठवू?"

"पाठव," सर लगेच म्हणाले.